मागची काच आणि बारा इंच

अमेरिकेत पिकअप ट्रकची केबिन वाढत गेली आणि हौदा आखूड होत गेला. शेतावर आणि बांधकामावर राबणाऱ्या जुन्या पिकअपला एकच आसनओळ असे आणि मागे आठ फुटी हौदा. आजचा पिकअप सोमवारी मुलांना शाळेत सोडतो, मंगळवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी घरासारखा ट्रेलर मागे जोडून डोंगराकडे निघतो. त्याला चार दारं लागतात, मागे तिघांना ऐसपैस बसता येईल अशी जागा लागते, आणि एवढं करून तो घराच्या गॅरेजमध्येही मावावा लागतो. फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेतली चार दारांची गाडी पावणेसात फुटी हौद्यासह साधारण २५० इंच भरते, आठ फुटी हौद्यासह २६६ इंच. उपनगरातल्या गॅरेजमध्ये हा सोळा इंचांचा फरक दार बंद होणं आणि न होणं एवढा असतो, म्हणून बहुतेक घरं आखूड हौदा, म्हणजे तिकडच्या भाषेत शॉर्ट बेड, निवडतात. उत्तर अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबंही आता या ट्रेलरच्या सुट्ट्यांकडे वळताना दिसतात आणि त्यांच्याही दारात बहुधा असाच ट्रक असतो. हौद्यातून कापलेले ते इंच मात्र नेमके कुठून गेले, हे ट्रक घेताना फारसं कोणी बघत नाही.

ते गेले पुढून. त्याच सुपर ड्यूटीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर लांब हौद्यात १७६ इंच आहे आणि आखूड हौद्यात सुमारे १६०. एकूण लांबीत सोळा इंच कमी आणि चाकांमधल्या अंतरातही सोळाच. म्हणजे मागच्या आसाच्या मागे असलेला हौदा जसाच्या तसा राहिला. कात्री लागली ती केबिनची मागची भिंत आणि मागचा आस यांच्या मधल्या जागेला. वाळू, विटा किंवा सोफा वाहणाऱ्याला यानं काही फरक पडत नाही. पण ज्याला ‘फिफ्थ व्हील’ प्रकारचा ट्रेलर ओढायचा आहे त्याच्यासाठी ट्रकमधली सगळ्यांत मोलाची जागा हीच असते, कारण ट्रेलरचा पुढचा कोपरा वळताना तिथूनच फिरतो.

फिफ्थ व्हील म्हणजे पाचवं चाक. हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. मुंबईच्या व्हिक्टोरियासारख्या चारचाकी गाडीत पुढचा आस वळावा म्हणून गाडीच्या साट्याखाली एक आडवं लोखंडी कडं बसवलेलं असे. चार उभ्या चाकांमधलं हे आडवं पाचवं चाक. पुढे मोटारी आल्या आणि अवजड ट्रेलर ओढायची वेळ आली तेव्हा तीच कल्पना ट्रकवर चढली. विमानविद्येतले अमेरिकन अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचा प्रवासी ट्रेलर आणला. त्याच्या जोडणीत तर विमानाचं टायर लावलेलं चाकच आडवं बसवलेलं होतं. आज न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक ट्रेलर याच तत्त्वावर चालतो: ट्रेलरच्या तळाला खाली डोकावणारी जाड पोलादी खुंटी, म्हणजे किंगपिन, आणि ट्रकच्या मागच्या आसावर तिला जबड्यात धरणारी तबकडी. फरक इतकाच की बंदरातल्या ट्रकला हौदा नसतो, केबिनच्या मागे नुसती मोकळी चौकट असते आणि ट्रेलरचं नाक गरकन फिरायला हवी तेवढी जागा राखलेली असते. पिकअपमध्ये ही जोडणी हौद्याच्या पोटात बसवायची असते आणि समोर अडीच हातांवर काच असते.

ही तबकडी, म्हणजे हिच, आसावरच का बसवायची हे ज्यानं बैलगाडी हाकलेली किंवा नुसती भरताना पाहिलेली आहे त्याला वेगळं सांगायला नको. ओझं पुढे जास्त झालं तर बैलांच्या मानेवर येतं, मागे जास्त झालं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा सुटतो. पिकअपच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला जोडलेला साधा ट्रेलर मागच्या आसापासून चार-पाच फूट मागे ओढला जातो. तो डोलायला लागला की ट्रकची शेपूट हलवतो. फिफ्थ व्हीलनं तो ओढबिंदू आसावर किंवा आसाच्या एक-दोन इंच पुढे आणला, म्हणून एवढे मोठे ट्रेलर महामार्गावर शांतपणे चालू लागले. तेव्हा आखूड हौद्याच्या मालकासमोरचा पेच असा: हिच आसावर ठेवावी तर वळताना काच फुटायची भीती, आणि मागे सरकवून पक्की करावी तर गाडी उलाळ. सरकती हिच, म्हणजे स्लायडर, या पेचातून जन्माला आली. ती रस्त्यावर आसावर राहते, आणि अरुंद जागी वळण्यापुरती दहा ते चौदा इंच मागे सरकते.

दुकानात गेलं की गोंधळ सुरू होतो. साधी पक्की हिच, हातानं सरकवायची, आपोआप सरकणारी, ट्रेलरच्या नाकाखाली बसवायची फिरती पेटी. प्रत्येकाचा विक्रेता वेगळं सांगतो आणि प्रत्येकाच्या तोंडी कमाल भाराचे मोठमोठे आकडे असतात. माझं म्हणणं असं की या निवडीत दोन प्रश्न एकमेकांत मिसळून जातात आणि ते वेगळे केले तर उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. सरकती हिच लागेल की नाही हे मोजपट्टी सांगते; त्यात मत द्यायला जागा नाही. ती लागणार असेल तर हाताची घ्यायची की आपोआप सरकणारी, हा मात्र लोखंडाचा प्रश्न नाही. संध्याकाळी सहा वाजता, आठ तासांच्या प्रवासानंतर, अनोळखी जागी ट्रेलर मागे घेताना हिच सरकवायची आठवण कोण ठेवणार, माणूस की यंत्र, एवढाच तो प्रश्न आहे.

आधी मोजपट्टी. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांवर वाहनाची रुंदी १०२ इंचांपर्यंत चालते आणि मोठे प्रवासी ट्रेलर ९६ ते १०२ इंच रुंद असतात. किंगपिन मधोमध असतो, म्हणजे ट्रेलर ट्रकशी काटकोनात आला की त्याची बाजू किंगपिनपासून ४८ ते ५१ इंच पुढे, केबिनच्या दिशेनं येते. साडेसहा फुटी हौद्यात केबिनची भिंत ते आसाचा मध्य हे अंतर गाडीगणिक बदलतं, पण चाळिशीच्या आगेमागे असतं. हिशोबासाठी ४२ इंच धरू. ट्रेलरचं नाक किंगपिनच्या रेषेत आणि कोपरे चौकोनी असतील तर ९६ इंची ट्रेलरचा कोपरा साधारण ६१ अंशांना केबिनला टेकतो, १०२ इंची ट्रेलरचा ५५ अंशांनाच. शाळेत शिकलेली ‘साइन’ इथे कामाला येते, दुसरं काही लागत नाही. आठ फुटी हौद्यात तेच अंतर सोळा इंचांनी वाढून ५८ होतं आणि काटकोनातही हातभर नाही तरी वीतभर जागा कमीअधिक उरतेच. लांब हौद्याच्या मालकानं सरकत्या हिचवर पैसे खर्च करू नयेत हे इथेच ठरून जातं.

साडेपाच फुटी हौद्याचा हिशोब आणखी बोलका आहे. फोर्डच्या एफ-१५० मध्ये साडेसहावरून साडेपाच फुटांवर येताना चाकांमधलं अंतर १५७ वरून १४५ इंचांवर येतं, म्हणजे पुन्हा सगळी कपात पुढूनच. तेव्हा केबिन ते आस अंतर तिशीत येतं. त्यात बारा इंच सरकणारी हिच बसवली तरी बेरीज ४२ च्या आसपास राहते आणि ५१ इंची बाजू काचेत येणार ती येणारच. अशा ट्रकला एक तर खास लांब सरक असलेली आपोआप चालणारी हिच लागते किंवा वळणाचा बिंदूच मागे नेणारी फिरती पेटी. ही पेटी ट्रेलरच्या नाकाखाली बसते. किंगपिन ट्रकच्या आसावरच्या हिचमध्ये न फिरता घट्ट राहतो आणि ट्रेलर फिरतो तो सुमारे २२ इंच मागे असलेल्या दुसऱ्या सांध्यावर. ट्रकवरची हिच साधीच राहते, सरकवायचं काही नसतं. पण वळणाचा बिंदू मागे गेला की ट्रेलरचं नाक त्या बिंदूच्या पुढे डोकावू लागतं, आणि कोपऱ्याचं खरं अंतर मग नुसत्या अर्ध्या रुंदीपेक्षा थोडं वाढतं. ते कर्णाच्या सूत्रानं पुन्हा मोजून घ्यावं लागतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आजचे ट्रेलर चौकोनी नाकाचे राहिलेले नाहीत. कारखान्यांनी आखूड हौद्याची गिऱ्हाइकं ओळखून किंगपिन पुढे काढला, नाक मागे घेतलं, कोपरे गोल केले किंवा कापले, आणि माहितीपत्रकांत शॉर्ट बेडला चालणारा ट्रेलर असं छापलं. मग सरकत्या हिचचं ओझं कशाला? यातलं अर्धं खरं आहे. नाक किंगपिनच्या बारा इंच मागे असेल तर वरच्या हिशोबातला १०२ इंची ट्रेलर ५५ ऐवजी साधारण ६६ अंशांना टेकतो. अकरा अंश म्हणजे थोडकं नव्हे. रोजच्या रस्त्यावर तेवढ्यानं निभावतं. पण नुसतं नाक मागे घेतल्यानं काटकोनातली स्थिती बदलत नाही. काटकोनात केबिनकडे येते ती ट्रेलरची बाजू, आणि तिचं अंतर अर्ध्या रुंदीएवढंच राहतं. खरा फरक पडतो तो बाजूच आत घेतली, कोपरा तिरपा छाटला तर, आणि प्रत्येक कारखान्यानं तो किती छाटलाय हे माहितीपत्रकातल्या वाक्यावरून कळत नाही. ते ट्रेलरशेजारी उभं राहून, किंगपिनच्या मध्यापासून कोपऱ्याच्या सर्वांत पुढे येणाऱ्या भागापर्यंत पट्टी लावूनच कळतं. मोजून काटकोनातही चार-पाच इंच मोकळे राहत असतील तर पक्की हिच घ्यावी. ती हलकी, स्वस्त आणि कमी खुळखुळणारी असते, आणि तिच्यात बिघडायला काही नसतं. शब्दावर विसंबून घेऊ नये, एवढंच माझं सांगणं.

दुसरा आक्षेप अनुभवी चालकांचा: साठ अंशांपर्यंत कोण जातं? नीट चालवणारा ट्रेलर कधी एवढा मोडत नाही. महामार्गापुरतं हे पूर्ण खरं आहे, तिथे वळण फार तर वीस-पंचवीस अंशांचं असतं. पण ट्रेलर महामार्गावर राहायला घेत नाहीत. तो शेवटी एखाद्या उद्यानातल्या तळावर लावायचा असतो आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक तळांची आखणी कोणत्या काळातली आहे हे इथे महत्त्वाचं ठरतं. तिथल्या वनखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी मोटारींच्या चाकांखाली झाडांची मुळं दबून जंगलं मरताना पाहिली आणि १९३२ साली तळांच्या नियोजनाचं एक धोरण मांडलं: एकाच दिशेनं जाणारा वळसेदार रस्ता, त्याला फुटलेल्या छोट्या तिरप्या फांद्या, प्रत्येक फांदीवर एक मोटार, आणि मोटार फांदीबाहेर जाऊ नये म्हणून मोठे दगड आणि झाडं यांची राखण. पुढच्या मंदीच्या वर्षांत सरकारी रोजगार योजनांतून अशा आखणीचे तळ देशभर उभे राहिले. ती आखणी त्या काळच्या मोटारीच्या मापाची होती. ट्रेलर वाढू लागले तेव्हा १९३५ मध्ये माइनेके यांनीच ट्रेलरच्या धोक्याबद्दल स्वतंत्र टिपण लिहिलं. झाडांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांची काळजी रास्त होती, आणि आजही त्या जुन्या वळशांवर तीस फुटी ट्रेलर मागे घालताना पलीकडचा दगड किंवा देवदार हटत नाही, हटावं लागतं ते आपल्यालाच. तिथे साठ अंशांचा कोन दुर्मीळ नसतो.

शिवाय मागे घेतानाचं एक वैशिष्ट्य असं की कोन स्वतःहून वाढतो. पुढे जाताना ट्रेलर ओढला जातो आणि आपोआप सरळ रेषेत येऊ पाहतो. मागे जाताना तो ढकलला जातो, आणि ढकललेली वस्तू जिकडे किंचित कलली तिकडे आणखी कलत जाते. चाळीस अंशांवरून साठवर जायला ट्रकला काही फुटांचंच अंतर लागतं. आणि फक्त मागे घेतानाच हे होतं असंही नाही. पेट्रोल पंपाच्या आवारात पूर्ण स्टिअरिंग वळवून पुढे जात राहिलं तर ट्रेलर हळूहळू आत मुडपत जातो. किंगपिनपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंतचं अंतर ट्रकच्या मागच्या आसाच्या वळण-त्रिज्येएवढं असेल तर तो कोन सरकत सरकत काटकोनापर्यंत पोहोचू शकतो. लांब ट्रेलर आणि तिखट वळणारा आखूड ट्रक ही जोडी त्या बाबतीत वाईट. म्हणजे ज्या ट्रकला आखूड म्हणून सहज वळता येतं, त्यालाच या वळणाचा धोका जास्त.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. हातानं सरकवायच्या हिचची रीत अशी: ट्रक आणि ट्रेलर शक्यतो एका रेषेत उभे करायचे, खाली उतरून हिचची कडी सोडवायची, ट्रेलरचे ब्रेक केबिनमधल्या नियंत्रकानं धरून ठेवायचे किंवा त्याच्या चाकांखाली ठोकळे घालायचे, आणि ट्रक हळूच पुढे न्यायचा. ट्रेलर जागेवर राहतो, हिचचं डोकं ट्रेलरबरोबर राहतं, ट्रक त्याच्याखालून बारा इंच पुढे सरकतो आणि कडी मागच्या खाचेत बसते. काम झालं की उलट क्रमानं ट्रक मागे आणून हिच पुन्हा आसावर. लिहिल्यावर हे दोन मिनिटांचं वाटतं, आणि सपाट जागी ते तेवढंच असतं. चढावर किंवा गाडी किंचित तिरकी असताना भार कडीवर येतो, ती अडकते, आणि ट्रक इंचभर पुढे-मागे करत बसावं लागतं. हे सगळं तळाच्या तोंडाशी, मागे दोन गाड्या वाट पाहत असताना. त्यामुळे माणूस काय करतो? एवढ्यानं काही होत नाही, सांभाळून घेऊ, म्हणतो. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. ज्या वेळी होतं त्या वेळी त्याचं लक्ष आरशांत असतं, ट्रेलरची शेपूट कुठे चालली आहे, झाड किती लांब आहे, बाहेर उभं राहून हातवारे करणारी व्यक्ती काय सांगते आहे यावर. धोका मात्र त्याच्या डोक्यामागे, मागच्या काचेपाशी असतो, आणि सगळ्यांचे डोळे नेमके दुसऱ्या टोकाला असतात. ट्रकच्या कॅमेऱ्यांनी हे थोडं सुधारलं आहे, पण कॅमेरा दाखवतो. पाहायचं माणसालाच असतं.

या विसरण्याला दुसरी बाजूही आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. हिच मागे सरकवली, ट्रेलर लावला, दोन दिवस सुट्टी झाली, निघताना सरळ रस्ता होता म्हणून ती पुढे आणायची राहूनच गेली. एक सरळ हिशोब मांडतो. बारा हजार पौंडांच्या ट्रेलरचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे २,४०० पौंड, किंगपिनवर येतो. हिच आसाच्या बारा इंच मागे आणि चाकांमधलं अंतर १६० इंच, तर पुढच्या चाकांवरचा भार १८० पौंडांनी कमी होतो. एक धट्टाकट्टा माणूस पुढच्या आसावरून उतरवल्यासारखा. यावर कोणी म्हणेल, डिझेल इंजिनच्या भारी ट्रकच्या पुढच्या आसावर साडेचार हजार पौंड असतात, त्यातले १८० गेले तर काय बिघडलं? आकडा म्हणून आक्षेप बरोबर आहे, आणि हळू वेगाला खरोखर काही बिघडत नाही, म्हणून तर सरकवायची मुभा असते. पण वेगात ट्रेलरला वारा लागला की किंगपिनवर आडवा धक्का येतो. किंगपिन आसावर असेल तर तो धक्का आसाच्या टायरांवर जिरतो. मागे असेल तर तो ट्रकची शेपूट ढकलणारी तरफ बनतो, आणि तेही पुढची चाकं हलकी झालेली असताना. उत्पादक महामार्गावर हिच पुढच्या खाचेत कुलूपबंद ठेवायला सांगतात ते यासाठी.

आपोआप सरकणाऱ्या हिचमध्ये दोन्ही विसरणी संपतात. ट्रेलर वळू लागला की हिचच्या पोटातली एक फिरती तबकडी आणि तिच्याशी जोडलेली यंत्रणा वळणाच्या प्रमाणात हिचचं डोकं मागे ढकलते. सरळ झालं की ते पुन्हा आसावर परततं. कडी नाही, उतरणं नाही, आठवण नाही. त्यासाठी किंमत मोजावी लागते, आणि केवळ पैशांची नव्हे. यातल्या प्रमुख बनावटींत किंगपिननं हिचमध्ये फिरता कामा नये, फिरायला हवी तबकडी, म्हणून ट्रेलरच्या किंगपिनभोवती एक पोलादी पट्टी कायमची बसवावी लागते. जोडताना ट्रक आणि ट्रेलर बऱ्यापैकी एका रेषेत असावे लागतात. ती पट्टी नसलेला शेजाऱ्याचा किंवा भाड्याचा ट्रेलर मग ओढता येत नाही, आणि ट्रेलर बदलला तर पट्टीही पुन्हा बसवावी लागते. हलते भाग जास्त, म्हणून ग्रीस लावायची शिस्तही जास्त.

पण सगळ्यांत गंभीर आक्षेप वजनाचा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. हातानं सरकणारी हिचच दीड-दोनशे पौंडांच्या घरात असते आणि आपोआप सरकणारी त्याहून जड. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या लेबलवर माणसं आणि सामान मिळून ट्रक किती वजन उचलू शकतो हा आकडा छापलेला असतो; त्यात चालकही आला आणि हिचही आली. अर्ध्या टनी म्हणवणाऱ्या ट्रकच्या लेबलवर समजा १,७०० पौंड लिहिलेले आहेत. साडेसात हजार पौंडांचा तुलनेनं छोटा ट्रेलर घेतला तरी किंगपिनवर १,५०० येतात. उरलेले दोनशे हिचमध्येच संपतात, मग चौघांचं कुटुंब कुठे बसणार? म्हणून साडेपाच फुटी हौद्याच्या बहुतेक मालकांना, त्यांनी रागावू नये, हेच सांगावं लागतं की त्यांचा प्रश्न काचेचा नाहीच; तो ट्रक त्या ट्रेलरसाठी नाही. कुठलीही हिच ती उणीव भरून काढत नाही, आणि हिचवरचा वीस हजार पौंडांचा आकडा हिचचा असतो, ट्रकचा नव्हे. हिचच्या क्षमतेची चाचणी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२६३८ या मानकानुसार झाली आहे का हे पाहावं, आणि ती क्षमता ट्रेलरच्या रिकाम्या नव्हे तर भरल्या कमाल वजनाशी ताडावी. भारी ट्रकला, म्हणजे ज्याच्या लेबलवर तीन हजारांच्या वरचे आकडे असतात, शंभर पौंड जास्तीचे सोसतात.

यावरून माझा कौल असा. साडेसहा-पावणेसात फुटी हौद्याचा भारी ट्रक, मोजमापात काटकोनाला कोपरा टेकतो, ट्रेलर स्वतःचा आणि वर्षानुवर्षं तोच राहणार, शिवाय चालवणारे घरातले दोघंतिघं, अशा घरानं आपोआप सरकणारी हिच घ्यावी आणि जास्तीची किंमत डोळे उघडे ठेवून द्यावी. हिच एक माणूस जोडतो आणि तळावर ट्रेलर मागे दुसराच घेतो, असं अनेक घरांत होतं. पहिल्याची सवय दुसऱ्याच्या कामी येत नाही. याउलट एकच चालक, वर्षातून तीन-चार सफरी, ट्रेलर बदलण्याची किंवा दुसऱ्याचा ओढण्याची शक्यता, तर हाताची सरकती हिच पुरे, पण मग एक नियम पाळावा: गरज वाटली तर सरकवू असं नाही, तळाच्या फाटकापाशी थांबलं की प्रत्येक वेळी सरकवायची, जागा मोकळी असली तरी, आणि निघताना फाटकापाशीच परत आणायची. लागेल तेव्हा करू असं म्हटलेलं काम थकलेल्या माणसाकडून सुटतं; ठरलेल्या जागी करायचं काम सुटत नाही. फिरत्या पेटीचा मार्ग मला त्यांच्यासाठी योग्य वाटतो ज्यांचा ट्रक बदलत राहणार पण ट्रेलर कायम आहे, कारण तिथे सगळी युक्ती ट्रेलरवर बसलेली असते. मात्र ट्रेलरच्या चौकटीच्या कारखान्याची तिला संमती आहे का हे आधी विचारून घ्यावं, नाहीतर नाकाच्या जोडावर पडणाऱ्या वेगळ्या ताणाची जबाबदारी नंतर कोणी घेत नाही.

दोन मापं आणखी आहेत जी या गडबडीत विसरली जातात. एक, हौद्याच्या बाजूंची वरची कड आणि ट्रेलरच्या नाकाचा तळ यांच्यात किमान साडेपाच-सहा इंच उभी मोकळीक हवी, नाहीतर खडबडीत रस्त्यावर ट्रक एका बाजूला कलला की ट्रेलर हौद्यावर बसतो. आजकालच्या ट्रकच्या बाजू उंच झाल्यामुळे ही तक्रार वाढली आहे, आणि ट्रेलर उंच करून ती मिटवायला गेलं की तो नाक वर करून चालतो. दुसरं, हौद्याच्या पुढच्या टोकाला आडवी ठेवलेली हत्यारांची पेटी किंवा जादा इंधनाची टाकी. ती हौद्याच्या कडेपेक्षा उंच असेल तर केबिनची भिंत तिथूनच सुरू होते असं धरून सगळा हिशोब नव्यानं करावा लागतो. अशा वेळी बारा इंचांची सरक त्या पेटीतच खर्ची पडते.

हिच बसवल्यावर पहिल्या सफरीच्या आधी एखाद्या रविवारी सकाळी रिकामं सपाट मैदान शोधावं. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं केबिन आणि ट्रेलरचा कोपरा या दोन्हींवर डोळा ठेवून बाजूला उभं राहायचं, खिडक्या उघड्या, रेडिओ बंद. आधी डावीकडे आणि मग उजवीकडे, कोन पाच-पाच अंशांनी वाढवत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून मधली जागा पट्टीनं मोजायची. चार इंच उरले की तिथेच थांबायचं आणि चालकानं आरशात ट्रेलरची कुठली खिडकी किंवा कुठला पट्टा कुठे दिसतो हे नीट पाहून आरशाच्या काठावर रंगीत चिकटपट्टीची एक खूण करायची. तीच कसरत किंचित उताराच्या जागी पुन्हा करावी, कारण ट्रक आणि ट्रेलर वेगवेगळ्या पातळीत असले की कोपरा वरून केबिनकडे झुकतो आणि सपाट जागी मोजलेल्या चार इंचांतला एखादा इंच तिथे कमी भरतो.